पुढील स्टेशन… विद्यार्थी कल्याण!

फीच्या पावतीवर एक ओळ असते. ती आपण कधीच वाचत नाही. मीही वाचली नव्हती. मग एके सकाळी पारसिकच्या बोगद्यात एका काकूंनी मला रंगेहाथ पकडलं…

'पुढील स्टेशन, कल्याण.' लोकलमधली ही अनाउन्समेंट आपण हजारदा ऐकतो. बदलापूर-कर्जतवाल्यांना ती बराच पल्ला मारल्याची खूण, टिटवाळ्याच्या मंडळींना हुश्श करायची जागा आणि आम्हा डोंबिवलीकरांना झोप लागल्याची शिक्षा! मला मात्र ती ऐकली की आजही हसू येतं. का, ते सांगते. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर २०१२ सालात यावं लागेल.

मी तेव्हा एसवायबीकॉमला होते. घर डोंबिवलीत, कॉलेज ठाण्यात. (नाव विचारू नका, पुढे थोडी तक्रार आहे.) तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात शिकला असाल, तर ती फीची पावती आठवून बघा. ट्यूशन फी, लायब्ररी फी, जिमखाना फी, एक्झाम फी… आणि खाली मुंग्यांसारखी बारीक रांग. व्हाइस चान्सलर्स फंड, ग्रुप इन्शुरन्स, डिझास्टर रिलीफ फंड आणि त्यातच कुठेतरी 'स्टुडंट्स वेल्फेअर फंड'. कोण वाचतं? टोटल बघायची, बाबांपुढे पावती धरायची, विषय संपला.

आमच्या ग्रुपमध्ये एकीने मात्र ती ओळ वाचली आणि लगेच पीजे मारला. 'वेल्फेअर म्हणजे कल्याण. म्हणजे बघा, आपण सगळ्यांनी कल्याणचं तिकीट काढलंय आणि उतरतो डोंबिवलीलाच!' आम्ही हसलो. कॅन्टीनमध्ये वडा-समोसा मागवला. पुढे त्या तिकिटाची खरंच गरज पडेल असं कुणाला वाटलं होतं?

आमचं कसं, सगळं ठीक!

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांची कंपनी बंद पडली. वीस वर्षांची नोकरी, एका नोटिशीत खल्लास. आमच्या वन रूम किचनमध्ये त्यावर फार चर्चा झाली नाही. टीव्हीचा आवाज कमी झाला, एवढंच. आई कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राला पोळ्या लाटून द्यायला लागली. बाबा दोन-तीन दुकानांचे हिशेब लिहायला लागले. आणि मी कॉलेजनंतर एका ऑफिसात डेटा एंट्री करायला लागले.

बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं का? छे! 'काय, कसं चाललंय?' 'एकदम ठीक.' आमच्याकडे हे उत्तर जन्मताच पाठ असतं.

ठीक काहीच नव्हतं. रात्री अकराला घरी, पहाटे पाचला डोळे सताड उघडे. लेक्चर्स बुडायला लागली. थर्ड सेमचा रिझल्ट लागला, दोन केटी. डिफॉल्टर लिस्टमध्ये माझा रोल नंबर झळकला, कारण पंचाहत्तर टक्के अटेन्डन्सचं गणित कधीच कोलमडलं होतं. वर फीची बाकी. ऑफिसच्या खिडकीवरून शब्द कानावर पडले, 'फी क्लिअर करा, मग एक्झाम फॉर्म.' खिडकी बंद.

आता गंमत बघा. त्याच खिडकीशेजारी काचेचा, कुलूपबंद नोटीस बोर्ड होता. रोज मी त्याच्यासमोर उभी राहायचे. त्यावर काय नव्हतं? स्टुडंट्स एड फंडासाठी अर्ज करा. बुक बँकेतून पुस्तकं घ्या. शासकीय शिष्यवृत्ती, अंतिम तारीख अमुक अमुक. समुपदेशन कक्ष, मंगळवार व शुक्रवार. एनएसएसची नोटीस, रॅगिंगविरोधी समितीची नोटीस. मला ते सगळं अक्षरशः पाठ झालं होतं. पण ते 'त्यांच्यासाठी' होतं. त्यांच्यासाठी म्हणजे कोणासाठी? ते मी कधी ठरवलं नव्हतं. ते आम्ही नव्हेत, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

'ठाण्याला' जायचं?

त्यातही समुपदेशन म्हणजे तर तौबा! आपल्याकडे एक जुना विनोद आहे. कुणी जरा विचित्र वागलं की म्हणायचं, 'याला ठाण्याला पाठवा.' ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. म्हणजे हा विनोद आपण पिढ्यान् पिढ्या करतोय. ठाणेकरांनाही तो ऐकून ऐकून कंटाळा आला असेल.

खरं तर ह्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आयपीएच' ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याबद्दल साध्या मराठीत बोलायला सुरुवात केली. करिअर निवडणाऱ्या मुलांसाठी त्यांची 'वेध' परिषद भरते, ती ठाण्यातल्या कित्येक घरांत ठाऊक असते. म्हणजे ज्या गावाच्या नावाने आपण चेष्टा करत होतो, त्याच गावात मदतही उभी होती. पण विनोद आपल्याला आजी-आजोबांपासून मिळतो आणि पत्ता मात्र स्वतः शोधावा लागतो.

मी रोज ठाण्यालाच जात होते. मंगळवारी आणि शुक्रवारीसुद्धा. पण जिमखान्यामागच्या त्या खोलीसमोरून जाताना चालण्याचा स्पीड आपोआप वाढायचा. कुणी बघितलं तर?

याउलट कन्सेशनची रांग! रेल्वे पासाच्या कन्सेशनचा फॉर्म घ्यायला कॉलेजात ही भली मोठी रांग लागायची. गाडीतून येणारा बिल्डरचा मुलगा आणि कळव्याच्या चाळीतली मैत्रीण, दोघंही त्यात. धक्काबुक्की, गप्पा, 'ए, माझा नंबर धर ना!' सरकारकडून अर्ध्या किमतीत पास घेताना कुणाला लाज वाटत नव्हती. कारण ती रांग सगळ्यांची होती. समुपदेशनाच्या खोलीबाहेर रांगच नव्हती. तिथे मी उभी राहिले असते तर एकटी दिसले असते.

हे तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा एवढंच कळायचं की पाय उचलत नाही.

बोगद्यातला आवाज

आमची सकाळची डोंबिवली फास्ट. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा चांगला सव्वा किलोमीटरचा, १९१६ सालचा. गाडी आत शिरली की असा धडधडाट व्हायचा की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. मला एक शोध लागला होता. तेवढ्या मिनिट-दीड मिनिटात मनसोक्त रडता येतं. घरी जागा नाही, कॉलेजात मैत्रिणी, ऑफिसात साहेब. बोगदा बेस्ट! ओढणी तोंडावर घ्यायची, बोगदा संपला की डोळे पुसायचे, ठाणे आलं की उतरायचं. टाइमटेबलच ठरून गेलं होतं.

लेडीज डब्यात चौथ्या सीटवर एक काकू बसायच्या. आम्ही त्यांना 'जांभळ्या पर्सवाल्या काकू' म्हणायचो. मटार सोलता सोलता साऱ्या डब्यावर नजर. त्या दादरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतात, एवढं ऐकून माहीत होतं. एक दिवस बोगदा संपला, मी ओढणी खाली घेतली, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

'अगं बाळा, तीन आठवडे बघतेय. बोगदा आला की तुझा कार्यक्रम सुरू.'

मी म्हटलं, 'काही नाही काकू. डोळ्यात कचरा…'

'रोज? त्याच ठिकाणी?'

शेजारच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं आणि हसता हसता जे रडू आलं, ते ठाणे स्टेशन आलं तरी थांबेना. उतरले, लेक्चरला पळाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून चौथ्या सीटवर स्वतःच्या शेजारी टेकवलं. डोंबिवली ते ठाणे वीसेक मिनिटं. एका आठवड्यात त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. कंपनी, पोळ्या, केटी, खिडकी.

त्या म्हणाल्या, 'फंडाला अर्ज केलास?'

'काकू, ते गरीब मुलांसाठी असतं.'

'आणि तू कोण? टाटाची नात? अगं, आमच्याकडे असले फंड पडून राहतात. मागायलाच कुणी येत नाही. तुझ्यासारखे सगळे बोर्ड वाचून निघून जातात.'

मी गप्प. मग त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. 'माझे आजोबा पुण्याला वार लावून जेवले. सोमवारी ह्यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे. सात घरी ताटावर बसले आणि मॅट्रिक झाले. तू एका खिडकीवर जायला लाजतेस?'

वारांबद्दल मी नंतर वाचलं. काकूंच्या गोष्टीइतकं ते गोड नव्हतं, कारण ते ताट सगळ्या जातींच्या मुलांसाठी वाढलेलं नसायचं. म्हणूनच तर शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका'चा मार्ग दाखवला. त्या मुलांना कुणी 'बिचारे' म्हणत नव्हतं, त्यांच्याकडे कामकरी म्हणून बघितलं जायचं. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांना राहायला जागा देतेय. म्हणजे महाराष्ट्रात शिकणाऱ्या पोराला हात द्यायची परंपरा चांगली शंभर वर्षांची. आणि मी तिच्यापासून तोंड लपवत फिरत होते!

अर्ज कसा लिहायचा

काकूंनी मला चालत्या गाडीत अर्ज डिक्टेट केला. 'मा. प्राचार्य. विषय, फी हप्त्याने भरण्यास परवानगी व विद्यार्थी सहायता निधीतून मदत मिळणेबाबत. रडगाणं नाही लिहायचं. कारण लिही, आकडा लिही, तारीख लिही. दोन प्रती कर. एक त्यांना दे, दुसरीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घे. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.'

हा शेवटचा मंत्र आजही माझ्या कामी येतो. बँकेत, सोसायटीत, अगदी ऑफिसातही. शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागणार होता. आणि मंडळी, डोंबिवली कुठल्या तालुक्यात येते? कल्याण! म्हणजे तहसीलदार कचेरी कल्याणला. ज्या दिवशी बाबांबरोबर डोंबिवलीहून उलट्या दिशेची लोकल पकडली आणि अनाउन्समेंट झाली, 'पुढील स्टेशन, कल्याण', त्या दिवशी मला तो जुना पीजे आठवला आणि मी एकटीच हसत सुटले. बाबांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. दिवाळीनंतर बाबा पहिल्यांदाच खळखळून हसले.

फॉर्म भरताना मात्र उत्पन्नाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. आधीचा आकडा आणि आताचा आकडा. मी दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात रांगेतून हाक आली. आमच्याच बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका! तेही मुलाच्या फीसाठी दाखला काढायला आलेले. दोघंही दचकले. दोन मिनिटं 'इकडे कुठे?' 'असंच, जरा काम होतं' असं चाललं. मग दोघांनी एकमेकांच्या हातातले फॉर्म बघितले आणि सरळ चहाच्या टपरीकडे निघून गेले. रांगेत मी उभी! अर्ध्या तासाने आले ते गप्पा मारत. एका मजल्याचं अंतर, पण एकमेकांचं खरं कळायला कल्याणची रांग लागली.

महिन्याभरात फीचे तीन हप्ते मंजूर झाले, थोडी रक्कम फंडातून मिळाली. बुक बँकेतून कॉस्टिंगचं पुस्तक मिळालं, कोपरे दुमडलेलं, आधीच्या तीन मुलींच्या सह्या असलेलं.

एक लेट मार्क

पण झोप काही येत नव्हती. काकू म्हणाल्या, 'आता ती मंगळवार-शुक्रवारची खोली.' मी विषय बदलला. चार दिवस बदलत राहिले. पाचव्या दिवशी, शुक्रवार होता, ठाणे आलं आणि काकू माझ्यामागून उतरल्या. दादरचा पास असलेली बाई ठाण्याला उतरली!

'काकू, तुमचं ऑफिस?'

'एक लेट मार्क. तीन झाले की एक सीएल कापतात. हा माझा दुसरा आहे. चल.'

स्टेशनपासून कॉलेजपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. वॉचमनला म्हणाल्या, 'मुलीबरोबर आलेय.' जिमखान्यामागच्या त्या खोलीबाहेर बाक होता, बाकाशेजारी मोडकं टेबल टेनिसचं टेबल. काकू बाकावर बसल्या, पर्स मांडीवर. 'जा. मी आहे इथे.'

आत काय झालं? फिल्मी काही नाही. एक मॅडम होत्या, चाळिशीच्या. त्यांनी विचारलं, झोप किती? काल रात्री काय जेवलीस? घरी कुणाशी बोलतेस? मी पोपटासारखी बोलत सुटले. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, 'तू मूर्ख नाहीस. दमली आहेस. दोन्हीत फरक आहे.' मला कुणीतरी वजनाची पिशवी हातातून घ्यावी तसं वाटलं. मग आम्ही एका कागदावर माझा आठवडा आखला. डेटा एंट्रीचे दोन दिवस कमी झाले. अटेन्डन्सबद्दल त्या स्वतः कोऑर्डिनेटर सरांशी बोलल्या. पुढे पाच-सहा वेळा गेले, एकटीच गेले. पहिल्यांदाच सोबत लागली. केटी सुटल्या. टीवायला फर्स्ट क्लास वगैरे नाही, अठ्ठावन्न टक्के. पण पदवी माझी!

बाहेर आले तेव्हा काकू बाकावर डुलकी काढत होत्या.

जेन्ट्सच्या डब्यात काकू नसतात

इथेच गोष्ट संपवता आली असती. पण आमच्या वर्गात एक मुलगा होता, आसनगावच्या पुढून यायचा. पहाटेची गाडी, दोन डबे, एक सकाळचा, एक दुपारचा. अकाउंट्समध्ये माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. एसवायच्या शेवटी तो यायचाच बंद झाला. आम्ही दोन-तीन मिस्ड कॉल दिले, मग परीक्षेच्या टेन्शनमध्ये विसरून गेलो. हो, विसरलो.

२०१९ मध्ये तो मला एका मॉलमध्ये भेटला, सिक्युरिटी सुपरवायझरच्या युनिफॉर्ममध्ये. चहा घेताना सांगत होता. त्याला शिष्यवृत्ती मिळणार होती. नोटीस वाचली होती. खिडकीवर गेला तर म्हणाले, एक कागद कमी आहे, उद्या ये. कागद आणायला गाव गाठलं, दोन दिवस गेले. परत आला तर तारीख संपलेली. फी राहिली, मग फॉर्म राहिला, मग वर्ष राहिलं.

मी त्याला काकूंची गोष्ट सांगितली. तो मनापासून हसला आणि म्हणाला, 'जेन्ट्सच्या डब्यात काकू नसतात गं.'

त्या वाक्याने माझी झोप उडवली, जवळजवळ एसवायसारखी. कारण आम्हा दोघांत फरक काय होता? हुशारीचा नव्हता. कष्टाचा तर नव्हताच, माझ्यापेक्षा त्याचे जास्त. बोर्ड एकच, खिडकी एकच. माझ्यासाठी एका बाईने लेट मार्क घेतला, त्याच्यासाठी कुणी घेतला नाही. आम्हीही नाही.

आता तर सगळं मोबाइलवर!

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आता नोटीस बोर्ड खिशात आलाय. बरोबर आहे. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरता येतात. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्कात सवलत देणारी राजर्षी शाहू महाराज योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. अट एकच मोठी, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्था १९८७ पासून आहे.

मन भरून आलं आणि बोगदा हाताशी नसला तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, चोवीस तास, मोफत, मराठीतसुद्धा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. आणि २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने 'विद्यार्थी कल्याण'चं नावही बदलून 'विद्यार्थी विकास' केलं. म्हणजे आमचा पीजे ऑफिशियली बाद!

सगळं आहे. तरी आमच्या शेजारचा एसवायचा मुलगा मागच्या जुलैत महाडीबीटीचा अर्ज अर्धवट टाकून बसला होता. का? बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. एका फेरीचं काम! पण ती फेरी कुणाबरोबर मारायची, हा प्रश्न. ओटीपी मोबाइलवर येतो, सोबत नाही येत.

आणि आपलं तरी काय वेगळं? मी आज एका कंपनीत एचआरला आहे. आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी मोफत काउन्सेलिंगची सोय आहे. दर तीन महिन्यांनी मी त्याची झकास मेल पाठवते, खाली हसरा सूर्य. पॅन्ट्रीत पोस्टर आहे. त्यावर एक क्यूआर कोड आहे. लोक कॉफी ढवळत ढवळत ते पोस्टर वाचतात आणि डेस्कवर परत जातात. मी ते चालणं ओळखते. खोलीसमोरून जाताना वाढलेला स्पीड!

मग मी एक करायला लागले. मेलमध्ये सोय कशी वापरायची ते तर लिहितेच, पण 'मी स्वतः गेले होते' हेही लिहिते. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सेंड दाबायला वीस मिनिटं लागली. त्या दुपारी एक ट्रेनी माझ्या डेस्कशी आला, स्टेपलर मागायला. स्टेपलर घेतला, गेला नाही. म्हणाला, 'मॅम, ते… कसं असतं?'

मी खुर्ची पुढे केली.

आणि हो, आसनगावच्या पुढचा तो मित्र. गेल्या वर्षी त्याने मुक्त विद्यापीठात बीकॉमला नाव घालायचं ठरवलं. वय तिशीपार, घरी लहान मुलगी. म्हणाला, 'अभ्यासकेंद्रावर सगळी पोरं असतील. मी तिथे काय दिसणार?' मी हाफ डे टाकला. आमच्या साहेबांनी विचारलं, पर्सनल काम? मी म्हटलं, हो, खूप जुनं.

केंद्रावर गर्दी नव्हतीच. खिडकीसमोर तो उभा राहिला आणि मागे मी. रांग दोघांचीच. कागदपत्रं तपासून झाली, बाईंनी कागद परत दिले आणि तो निघायला लागला. मी त्याचा शर्ट धरून मागे ओढला.

'शिक्का घे आधी.'